कॉलेजातला इंग्रजीचा पेपर नेमकं काय तपासतो?

‘पाचवीपासून सगळं इंग्रजीतूनच शिकलाय, मग कॉलेजात परत इंग्रजी कसलं शिकवतात?’ बारावीचा निकाल लागून प्रवेशाची धावपळ सुरू झाली की गोव्यात हा प्रश्न हमखास कानावर येतो. आणि पहिलं सेमिस्टर संपलं की त्याच घरात उलटा प्रश्न: ‘इंग्रजीत बरे मार्क पडले, मग अर्थशास्त्राचं पुस्तक वाचताना हा अडतो कशाला?’

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांचं उत्तर मुलाच्या हुशारीत शोधण्याआधी अभ्यासक्रम आणि परीक्षा कशी आखली जाते ते पाहावं लागतं. नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे गोवा विद्यापीठानं २०२३-२४ पासून पदवीची रचना बदलली. तेव्हापासून मार्कशीटवर एईसी, क्रेडिट, आयएसए अशी अक्षरं दिसायला लागली आणि पालक आणखी गोंधळले. म्हणून सुरुवात त्या अक्षरांपासून.

## क्रेडिट म्हणजे किती तास?

एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट लागतात, चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. विद्यापीठ अनुदान आयोगानं डिसेंबर २०२२ मध्ये जो आराखडा दिला, त्यात ‘ॲबिलिटी एन्हान्समेंट कोर्स’ नावाचा एक कप्पा आहे, तोच एईसी. इंग्रजी आणि एखादी भारतीय भाषा वापरण्याचं कौशल्य वाढवण्यासाठी तो ठेवला आहे आणि संपूर्ण पदवीत त्याला ८ क्रेडिट आहेत. आयएसए म्हणजे सेमिस्टर चालू असताना होणारं अंतर्गत मूल्यमापन. बाकी राहते ती सेमिस्टरअखेरची परीक्षा.

आता जरा हिशेब करू. ८ क्रेडिट म्हणजे १२० तास. त्यातले निम्मे इंग्रजीला दिले असं धरलं, तर हाती ६० तास येतात, तेही तीन वर्षांत मिळून.

६० तासांत काय होतं? यासाठी एक मोजपट्टी आहे. युरोप परिषदेनं २००१ साली भाषेच्या सहा पायऱ्या ठरवल्या: ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२. या पायऱ्या काळ-वचन-लिंग किती पाठ आहे यावर बेतलेल्या नाहीत. त्या माणसाला भाषेत काय करता येतं ते सांगतात. बी१ म्हणजे ओळखीच्या विषयावर साधं, सलग लिहिता-बोलता येणं. बी२ म्हणजे आपल्या विषयातला गुंतागुंतीचा, अमूर्त मजकूर वाचून त्याचं सार पकडता येणं. कॉलेजचं पाठ्यपुस्तक नीट वाचायला बी२ लागते. इंग्रजीच्या परीक्षा घेणाऱ्या केंब्रिजच्या अंदाजाप्रमाणे अगदी शून्यापासून बी१ गाठायला साधारण ३५० ते ४०० तास शिकवणी लागते आणि बी२ गाठायला ५०० ते ६००. म्हणजे मधली एकच पायरी चढायला दीडशे-दोनशे तास हवेत.

आपल्याकडे आहेत ६०. हा आकडा एकदा डोक्यात पक्का बसला की ‘कॉलेजनं मुलांचं इंग्रजी सुधारावं’ हे वाक्य किती ढोबळ आहे ते कळतं. साठ तासांत सगळं इंग्रजी सुधारत नाही. त्यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हे कुणीतरी ठरवावं लागतं. अभ्यासक्रमाची आखणी म्हणतात ती हीच, आणि आपल्याकडे नेमकी ती उरकली जाते. एक गद्य उतारा, एक कविता, थोडं व्याकरण, एक पत्र, एक निबंध. सगळ्याचा चमचा-चमचा.

## पाचवीला माध्यम बदलतं तेव्हा

गोव्यात प्राथमिक शाळेच्या माध्यमावरून जेवढं रण पेटतं तेवढं क्वचितच कशावरून पेटत असेल. १९९० साली प्राथमिक शाळांचं सरकारी अनुदान प्रादेशिक भाषांपुरतं ठेवायचं ठरलं, २०११ साली ते इंग्रजी माध्यमालाही द्यायचा निर्णय झाला, आणि दोन्ही वेळांचे व्रण अजून ओले आहेत. हा वाद चौथीपर्यंतचा. पाचवीत काय होतं याबद्दल मात्र कुणी मोर्चा काढल्याचं माझ्या ऐकिवात नाही. सत्तरी, पेडणे, डिचोली, काणकोण इथली मुलं मराठी किंवा कोकणी शाळेतून येतात आणि बहुतेक सगळी पाचवीत इंग्रजी माध्यमाच्या बाकावर बसतात.

त्या वर्गात काय चालतं ते तिथं शिकलेल्या कुणालाही विचारा. पुस्तक इंग्रजी, फळा इंग्रजी आणि सरांचं बोलणं कोकणीत नाहीतर मराठीत. त्यात वावगं काही नाही, नाहीतर मुलांना धडा कळणार कसा? घोटाळा उत्तर लिहिण्यापाशी होतो. वहीत सरांनी दिलेलं उत्तर, तेच पाठ, तेच पेपरात. असं पाचवी ते बारावी आठ वर्षं. मूल इंग्रजीतून इतिहास, विज्ञान, वाणिज्य शिकून पास होतं, पण स्वतःच्या मनानं इंग्रजीत एक पान लिहिण्याची वेळ त्याच्यावर आलेली नसते.

भाषेच्या अभ्यासकांनी या अवस्थेचा उलगडा पूर्वीच केला आहे. कॅनडातले जिम कमिन्स यांनी १९७९ साली मांडलं की दुसऱ्या भाषेचे दोन थर असतात. एक रोजच्या बोलण्याचा, तो वर्ष-दोन वर्षांत येतो, कारण समोरचा माणूस, प्रसंग, हातवारे सगळे मदतीला असतात. दुसरा पुस्तकी विचाराचा. तिथं मदतीला फक्त कागद असतो. परदेशातून आलेल्या आणि अवतीभवती इंग्रजीच ऐकणाऱ्या मुलांनाही त्यात बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागतात. आपल्या मुलांच्या अवतीभवती तर घरी कोकणी, देवळात मराठी आणि मोबाइलवर हिंदी.

कळंगुटच्या हॉटेलात पाहुण्यांशी फर्डं इंग्रजी बोलणारा मुलगा बी.कॉम.च्या पुस्तकासमोर का थिजतो, ते यावरून कळावं. त्याच्याकडे पहिला थर आहे, दुसरा नाही. पणजीतल्या एखाद्या मुलीचं उलटंही असतं: वाचते उत्तम, पण मुलाखतीत तोंडातून शब्द फुटत नाही. पेपर दोघांना एकच.

## पुस्तकी इंग्रजी जड का जातं?

एक वाक्य घेऊ. कुठल्याही बँकिंगच्या पुस्तकात शोभेल असं: ‘द इन्क्रीज इन रिपेमेंट वॉज अट्रिब्युटेड टू द वेव्हर ऑफ पीनल इंटरेस्ट.’

हेच वाक्य घरी बोलायचं तर आपण म्हणू, ‘दंडव्याज माफ केलं म्हणून लोकांनी कर्जं जास्त फेडली.’ इथं माणसं आहेत, ती काहीतरी करतात, आणि का करतात ते ‘म्हणून’ या एका शब्दानं सांगितलंय. इंग्रजी वाक्यात माणसं गायब. ‘फेडली’चं झालं ‘रिपेमेंट’, ‘माफ केलं’चं ‘वेव्हर’, ‘वाढलं’चं ‘इन्क्रीज’. सगळ्या क्रिया नामं होऊन बसल्यात, आणि ‘म्हणून’ची जागा ‘अट्रिब्युटेड टू’ या क्रियापदानं घेतली. मुलगा एकेक शब्द डिक्शनरीत बघतो, सगळे अर्थ सापडतात, तरी कुणी काय केलं ते कळत नाही.

हा पुस्तकी इंग्रजीचा स्थायीभाव आहे. आणि तो शिकवता येतो, हे महत्त्वाचं. अशी दहा वाक्यं घेऊन प्रत्येकात ‘कोणी, काय केलं, का’ हे सोडवायला लावलं आणि मग उलट दिशेनं साध्या वाक्याचं पुस्तकी वाक्य करायला लावलं, की मुलांच्या डोळ्यांपुढचा पडदा हलतो. साठ तासांतले दहा तास यावर घालवले तर ते इतर पाच विषयांत वसूल होतात. ‘व्हॉइस बदला’, ‘आर्टिकल भरा’ अशी गाळलेल्या जागांची पानं कितीही सोडवली तरी हे येत नाही.

मला विचाराल तर कॉलेजच्या इंग्रजीचं पहिलं काम हेच आहे: ज्या विषयाची पदवी घेतोय त्या विषयाचं पुस्तक स्वतः वाचता येणं आणि त्यावर स्वतःचं पानभर लिहिता येणं. कोठारी आयोगानं १९६४ ते ६६ या काळात इंग्रजीला ‘ग्रंथालयाची भाषा’ म्हटलं होतं. ग्रंथालय आता खिशातल्या फोनवर आलं, पण ती गरज जशीच्या तशी आहे. फाडफाड बोलणं, मुलाखत, ईमेल हे नंतर. नकोत असं नाही, पण त्यांना ग्राहक आहेत, त्यांचे क्लास म्हापशात आणि मडगावात गल्लोगल्ली चालतात. पुस्तक वाचायला शिकवणारा क्लास मी अजून पाहिलेला नाही.

## आधी परीक्षा ठरवा, मग धडे

आपली रीत अशी: आधी पुस्तक लागतं, मग ते शिकवलं जातं आणि शेवटी त्या पुस्तकावर पेपर निघतो. आखणीचं शास्त्र याच्या बरोबर उलटं चालतं. कोर्स संपल्यावर मुलाला काय करता यायला हवं ते आधी लिहायचं. ते येतं की नाही हे कशावरून कळेल, म्हणजे परीक्षा कोणती, ते त्यानंतर. आणि त्या परीक्षेपर्यंत मुलाला नेणारे धडे सर्वांत शेवटी. याला उलट आखणी म्हणतात.

परीक्षेला एवढा मान कशाला? कारण परीक्षा शिकवणं ओढून नेते. पेपरात पत्राचा मायना आला की वर्गात मायनाच घोटवला जातो, बोलणं विचारलं नाही की बोलणं सुटतं. शिक्षक कितीही तळमळीचा असो, नोव्हेंबर जवळ आला की मुलंच म्हणतात, ‘मॅडम, हे परीक्षेला आहे का?’ परीक्षेच्या या मागे वळून होणाऱ्या परिणामाला इंग्रजीत ‘वॉशबॅक’ म्हणतात. अभ्यासक्रम बदलला आणि पेपर तसाच राहिला तर वर्गात काहीही बदलत नाही. तेच उलटंही खरं आहे.

मग चांगल्या परीक्षेची पहिली कसोटी कोणती? जे तपासतो म्हणते तेच तिनं तपासलं पाहिजे. समजा गणेश चतुर्थीच्या आरतीसाठी घुमट हे वाद्य वाजवणारा पोर निवडायचाय आणि आपण त्याला लेखी पेपर दिला: घुमट कशाचं बनवतात, जोडीचं वाद्य शामेळ बरोबर का असतं, पूर्वी घोरपडीचं कातडं लावत ते का बंद झालं. पोरानं पैकीच्या पैकी मिळवले. चतुर्थीच्या संध्याकाळी आरती सुरू होते आणि त्याचा हात ठेक्यावर पडत नाही. पेपर खोटा नव्हता, त्याला घुमटाविषयी खरोखरच माहिती होती. पण आपल्याला हवं होतं ते त्या पेपरानं तपासलंच नाही. परीक्षेच्या या गुणाला मराठीत सप्रमाणता म्हणतात. आपले इंग्रजीचे पेपर बऱ्याचदा इथंच पडतात: शिकवलेल्या कथेचा सारांश विचारायचा, आणि मुलाची वाचनाची समज तपासली असं समजायचं. तिथं तपासलं जातं ते गाइडमधलं पाठांतर. वाचन तपासायचं तर उतारा न पाहिलेलाच हवा.

## बंगळूरचा एक जुना प्रयोग

हे सगळं विलायती आहे, आपल्याकडे चालणार नाही, असं कुणी म्हणालं तर त्याला भाषाशिक्षणाचे अभ्यासक एन. एस. प्रभूंची आठवण करून द्यावी. १९७९ ते १९८४ या काळात त्यांनी दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत एक प्रयोग केला, तो ‘बंगळूर प्रकल्प’ म्हणून जगभर ओळखला जातो. वर्गात व्याकरणाचा पाठ नाही, पाठांतर नाही. मुलांना रोज एक डोकं चालवायचं काम: रेल्वेचं वेळापत्रक वाचून कोणती गाडी पकडावी ते ठरवा, नकाशा पाहून रस्ता सांगा. लक्ष अर्थाकडे गुंतलं की भाषा आपोआप रुजते, असा त्यांचा कयास होता. आज ‘टास्क’ पद्धत म्हणून जे परदेशी पुस्तकांतून आपल्याकडे परत येतं, त्याचं एक मोठं मूळ इथलंच आहे.

प्रभूंची आणखी एक गोष्ट मला आवडते. प्रत्येक वेळी मुलांचे गट पाडून बसवलंच पाहिजे असं त्यांना वाटत नव्हतं. आधी शिक्षकानं सगळ्या वर्गाबरोबर एक काम सोडवून दाखवायचं, मग तसंच दुसरं मुलानं एकट्यानं करायचं. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात, खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या असताना, हे जमण्यासारखं आहे. कदंब बसचं वेळापत्रक, पंचायतीची नोटीस, एखाद्या कंपनीचं नेमणूकपत्र: सामान फुकट मिळतं.

## मग मार्क द्यायचे कसे?

इथं खरी अडचण सुरू होते. पाठ केलेलं उत्तर तपासणं सोपं असतं, मुलानं आपल्या मनानं लिहिलेलं तपासणं कठीण. नमुन्यासाठी मी दोन अर्ज रचले आहेत. प्रसंग असा: बसचा पास हरवला, डेपोला दुसरा मागायचा.

पहिला: ‘विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट द फॉलोइंग फ्यू लाइन्स फॉर युअर काइंड कन्सिडरेशन. आय हॅव मिसप्लेस्ड माय पास ॲण्ड ॲम फेसिंग ग्रेट इन्कन्व्हीनियन्स. आय शॅल बी एव्हर ग्रेटफुल टू यू.’

दुसरा: ‘सर, आय ॲम स्टुडंट ऑफ एफवाय बीकॉम. माय बस पास इज लॉस्ट इन साखळी बस स्टँड ऑन मंडे. आय हॅव सर्च बट नॉट फाउंड. आय ॲम कमिंग डेली फ्रॉम होंडा. प्लीज गिव्ह ड्युप्लिकेट पास, आय विल पे द फी.’

दहापैकी किती द्याल? पहिल्यात व्याकरणाची चूक शोधून सापडत नाही. पण पास कुठला, हरवला कधी आणि मुलाला हवंय काय, यातलं काहीच त्यात नाही. दुसऱ्यात जवळजवळ प्रत्येक वाक्य लंगडं आहे, पण डेपोतला कारकून तोच अर्ज वाचून पास काढून देईल. जुन्या वळणाचा परीक्षक पहिल्याला आठ देईल, दुसऱ्याला चार. दुसरा परीक्षक नेमकं उलटं करेल. दोघेही प्रामाणिकच.

परीक्षकागणिक मार्क बदलतात ही तक्रार शंभर वर्षांहून जुनी आहे. १९१२ साली अमेरिकेत स्टार्च आणि एलियट या दोघांनी इंग्रजीच्या त्याच दोन उत्तरपत्रिका वेगवेगळ्या शाळांना तपासायला पाठवल्या. १४२ शाळांकडून मार्क आले. त्यातल्या एकाच उत्तरपत्रिकेला कुणी ६४ दिले, कुणी ९८. परीक्षेच्या दुसऱ्या गुणाचा, विश्वसनीयतेचा, प्रश्न तो हाच: तोच पेपर दुसऱ्याच्या हाती गेला तर मार्क तेवढेच पडतील का?

यावर एक उत्तर म्हणजे सगळे प्रश्न चार पर्यायांचे करून टाकायचे. मशीन तपासेल, फरक शून्य. पण मग घुमटाचा लेखी पेपर झाला. दुसरं उत्तर म्हणजे रुब्रिक, गुण कशाला आणि किती याचा आधीच लिहून ठेवलेला तक्ता. वरच्या अर्जासाठी तो असा असू शकतो: हवी ती माहिती आली का याला ४, मागणी नेमकी आहे का याला २, क्रम आणि सूर याला २, भाषेच्या शुद्धतेला २. या तक्त्यानं दुसरा अर्ज सातापर्यंत जातो, पहिला चारच्या आसपास घुटमळतो. तक्ता मुलांनाही आधी दाखवायचा, लपवायचा नाही. आणि पेपर तपासायला बसण्याआधी सगळ्या परीक्षकांनी तेच पाच पेपर तपासून मार्क ताडून पाहायचे. एका दुपारचं काम आहे. याचा कंटाळा केला की तक्ता नुसता फायलीत राहतो.

## व्याकरण सोडूनच द्यायचं का?

नाही. वरच्या तक्त्यात शुद्धतेला दोन गुण ठेवलेत ते उगाच नाही. दुसऱ्या अर्जातल्या मुलाला ‘इज लॉस्ट इन’ आणि ‘आय लॉस्ट… ॲट’ यातला फरक कळायला हवाच, आणि त्यानं अर्ज लिहून झाल्यावर त्याच्या अर्जावर तो दाखवला की चांगला कळतो. लिखाण आधी, दुरुस्ती मागाहून. फक्त एका वेळी एकाच प्रकारची चूक धरावी. सगळं पान लाल केलं की मुलगा मार्क बघून कागद बॅगेत कोंबतो.

## आणि वर्गात मराठी-कोकणी बोललेलं चालेल?

इंग्रजीच्या वर्गात दुसरी भाषा म्हणजे पाप, असा एक समज आपल्या कॉलेजांत पक्का आहे. पण ज्या सहा पायऱ्यांचा उल्लेख वर केला, त्याच आराखड्यात ‘मध्यस्थी’ नावाचं एक कौशल्य आहे, आणि २०२० च्या पुरवणीत त्याला भरपूर जागा दिली आहे. मध्यस्थी म्हणजे एका माणसाला न कळणारा मजकूर त्याला कळेल असा करून सांगणं, एका भाषेतून दुसऱ्या भाषेत असला तरी.

गोव्यातली पोरं हे काम लहानपणापासून करतात. बँकेचा इंग्रजी फॉर्म आजीला मराठीत समजावणं, वीज खात्याचा मेसेज शेजारच्या काकांना कोकणीत सांगणं. चार भाषांमधून रोज ये-जा करणाऱ्या या मुलांचं हे कौशल्य आपण कधी मोजतच नाही. परीक्षेत ते असं आणता येईल: वीजपुरवठा बंद राहणार असल्याची खात्याची इंग्रजी सूचना द्यायची. आजीला पाठवायचा मेसेज मराठीत किंवा कोकणीत चार ओळींत लिहायला सांगायचा. मग, त्या दिवशी घरी लग्नाचं जेवण आहे, पर्यायी वेळ मिळेल का, असं खात्याला इंग्रजीत विचारायला सांगायचं. पहिल्या भागात वाचन तपासलं जातं आणि पाठांतराला वावच राहत नाही. दुसऱ्यात लिखाण.

धोका आहे, तो मान्य करायला हवा. सगळा तास कोकणीत गेला तर मुलाच्या कानावर इंग्रजी पडणार कधी? म्हणून माझा आडाखा एवढाच: समजून घ्यायला, चर्चेला कुठलीही भाषा चालेल, पण शेवटी कागदावर उतरतं ते मुलाचं स्वतःचं इंग्रजी असावं. आज होतं ते बरोबर उलटं. समजावणं कोकणीत, आणि कागदावरचं इंग्रजी दुसऱ्याचं.

## चॅटजीपीटी लिहून देतं, मग शिकवायचं कशाला?

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं, त्यानंतर घरी करायला दिलेला निबंध हा पुरावा म्हणून बाद झाला. आयएसएसाठी असाइनमेंट मागवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला हे माहीत आहे, फक्त कागदोपत्री कुणी म्हणत नाही. मग आता काय? वर्गात, समोर बसून लिहायला लावणं हा एक मार्ग. दुसरा मार्ग तोंडी परीक्षेचा: मुलानं काय लिहून आणलंय त्यावरच त्याला दोन प्रश्न विचारायचे. ज्यानं वाचलंय तो अडखळत का होईना, सांगतो.

तोंडी परीक्षा म्हटलं की पहिला आक्षेप वेळेचा. साठ मुलं, प्रत्येकी पाच मिनिटं, म्हणजे पाच तास. दोन क्रेडिटच्या कोर्सला तासच ३०, त्यातला सहावा हिस्सा परीक्षेत गेला. दोघादोघांना एकत्र बोलावून सहा मिनिटं आपसात बोलायला लावलं तर तीन तासांत भागतं, आणि दोन मुलांचं आपसातलं बोलणं प्रश्नोत्तरांपेक्षा खऱ्या बोलण्याच्या जवळ जातं. तीन तास परवडतात.

यंत्रानं लिहिलेलं बरोबर आहे की नाही हे ठरवायलाही वाचता यावंच लागतं, ही गोष्ट वेगळीच. वर जे पुस्तकी वाक्य सोडवलं, तसलीच वाक्यं ते यंत्र ढिगानं लिहितं.

## हे करायचं कुणी?

अर्धं उत्तर इंग्रजी विभागाबाहेर आहे. १२० क्रेडिटमधले एईसीचे ८ सोडले तर उरतात ११२, म्हणजे किमान १,६८० तास. गोव्यात त्यातले बहुतेक इंग्रजीतूनच शिकवले जातात. इंग्रजीच्या सरांकडे ६० तास आणि बाकीच्यांकडे सोळाशेच्या वर. अर्थशास्त्राच्या मॅडमनी नोट्स डिक्टेट करण्याऐवजी आठवड्याला पुस्तकातलं एक पान मुलांकडून वर्गात सोडवून घेतलं आणि त्यावर पाच ओळी लिहून घेतल्या, तर इंग्रजीच्या तासात होणार नाही एवढं काम होईल. ‘ते आमचं काम नाही’ हे उत्तर मी अनेक स्टाफरूममध्ये ऐकलंय. माझ्या मते ते त्यांचंच काम आहे.

उरलेलं अर्धं विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाकडे, कारण पेपरचा साचा तिथं ठरतो. स्वायत्त कॉलेजांना तर तीही सबब नाही. प्रवेशाच्या वेळी तासाभराची एक चाचणी घेऊन, ज्यांना वाचन जड जातं त्यांचा वेगळा वर्ग आणि ज्यांना बोलणं जड जातं त्यांचा वेगळा, एवढं केलं तरी त्या ६० तासांचा उपयोग दुप्पट होईल.

आणि एक रोकडी गोष्ट. गोव्यातल्या कॉलेजांत इंग्रजीचे कितीतरी तास लेक्चर बेसिसवरचे शिक्षक घेतात. त्यांना पैसे मिळतात ते घेतलेल्या तासाचे. साठ मुलांचे अर्ज तक्ता लावून तपासणं, दर पंधरवड्याला दुरुस्त करून परत देणं, तोंडी परीक्षेला शनिवारी थांबणं, यातलं काहीही त्या तासात बसत नाही. नव्या अभ्यासक्रमाच्या कागदावर ‘सतत मूल्यमापन’ असं लिहिलेलं असतं. ते तपासणीचे तास कुणाच्या वर्कलोडमध्ये आणि कुठल्या दरानं धरलेत, हे पालक-शिक्षक सभेत कुणीतरी उभं राहून विचारायला हवं.